खुर्ची काढून घेणारा कोण?

आमच्या गावची १५ ऑगस्टची ग्रामसभा. झेंडावंदन उरकलं, पोरांच्या हातावर जिलेबी पडली आणि पावसाची भुरभुर चालू असताना पंचायतीच्या पत्र्याखाली आम्ही सतरा माणसं बसलो. त्यातले चार जण नुसते आडोशाला आलेले. ग्रामसेवकांनी विषय भराभर वाचले, ‘मंजूर, मंजूर’ झालं, पंचवीस मिनिटांत सभा संपली. काही महिन्यांनी त्या सभेच्या हजेरीची नक्कल मी मागून घेतली, तर वहीत एकशे सहा सह्या. त्यातली एक माझ्या चुलतभावाची. तो त्या सकाळी पुण्यात दवाखान्यात होता, बायकोच्या बाळंतपणाला. मुलगी झाल्याचा त्याचा फोन मला त्या सभेतच आला होता.

एकशे सहाच का, पन्नास का नाहीत? कारण कायदा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. आमच्या गावाला शंभर लागतात. सह्या करणाऱ्यानं कायदा नीट वाचला होता. आम्ही सतरा जणांनी वाचला नव्हता, एवढाच काय तो फरक.

‘निवडून दिलं की पाच वर्षं तोंड दाखवत नाहीत’ हे वाक्य आपण सरपंचापासून खासदारापर्यंत सगळ्यांसाठी वापरतो. पण सरपंच, नगरसेवक आणि आमदार यांना जाब विचारायची सोय कायद्यानं सारखी ठेवलेली नाही. ती समजून घ्यायची असेल तर एकच प्रश्न धरून चालायचं: या माणसाची खुर्ची मुदतीच्या आत कोण काढून घेऊ शकतो? ज्याच्या हातात ती ताकद आहे त्याला तो उत्तर देतो. बाकीच्यांना नमस्कार करतो.

सरपंचापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त दोऱ्या तिथंच आपल्या हातात आहेत.

ग्रामपंचायत चालते १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमावर. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा. सरपंचानं पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा टाळल्या तर त्याचं पद जाऊ शकतं. म्हणून सभा टाळल्या जात नाहीत, कागदावर घेतल्या जातात. आणखी एक वाट आहे. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट उरत नाही. मग सात-आठ माणसांत लाखोंचे विषय मंजूर होऊन जातात, तेही पूर्णपणे कायदेशीर. म्हणजे आपण घरी बसतो तेव्हा आपलं मत तटस्थ राहत नाही, ते त्या सात-आठ जणांच्या खिशात जातं.

पद घालवण्याचे रस्तेही इथं बरेच. कलम १४ ही अपात्रतेची यादी आहे. पंचायतीचा कर मागणी आल्यावर मुदतीत न भरणं, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण, १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं, अशी ती यादी. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. अतिक्रमण कुटुंबातल्या माणसानं केलेलं असलं आणि सदस्य तिथं राहत असला तरी पद जातं, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. गावातला पडलेला उमेदवार हे कलम वकिलापेक्षा बारकाईनं वाचतो. त्याचा हेतू फार उदात्त नसतो, पण लोकशाहीत वैऱ्याच्या डोळ्यांचाही उपयोग होतो.

आता अविश्वास ठराव. पूर्वी सदस्यच सरपंच निवडायचे, तेव्हा त्याला काढायचेही तेच. एका रात्रीत चार सदस्य सहलीला गेले की सकाळी सरपंच बदलला. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये सरकार बदलल्यावर ते रद्द झालं, २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि थेट निवड परत आली. (सरपंच कसा निवडायचा, हे गाव सोडून सगळ्यांनी ठरवलं.) थेट निवडलेल्या सरपंचाला काढायची पद्धत मात्र विचारपूर्वक केलेली आहे. निवडून आल्यापासून दोन वर्षं ठराव आणता येत नाही. त्यानंतर सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमतानं ठराव मंजूर करायचा. तेवढ्यानंही खुर्ची जात नाही. मग खास ग्रामसभा बोलावतात, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला अधिकारी तिथं अध्यक्ष असतो, आणि गावकरी गुप्त मतदान करतात. गावानं मान्यता दिली तरच सरपंच जातो. ज्यांनी बसवलं त्यांनीच उठवायचं.

यातली मेख एवढीच की सुरुवात गाव करू शकत नाही, सदस्यच करतात. सदस्य आणि सरपंच एकाच ताटात जेवत असतील तर गावानं नुसतं बघायचं.

असाच साचा मध्य प्रदेशानं शहरांसाठी वापरला. तिथं नगरपालिकेच्या अध्यक्षाला मतदार परत बोलावू शकतात. नगरसेवकांपैकी तीन चतुर्थांशांनी सह्या करून मागणी केली की पडताळणी होते आणि मग सगळ्या शहराचं मतदान. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नाहीत, दोन चित्रं: भरी कुर्सी आणि खाली कुर्सी. भरलेल्या खुर्चीला मत दिलं तर अध्यक्ष राहतो, रिकाम्या खुर्चीला दिलं तर जातो. २००१ मध्ये अनुपपूरच्या नगराध्यक्षा अशा मतदानानं पायउतार झाल्या. पुढं छत्तीसगडमध्येही असे अध्यक्ष गेले. लोकशाहीचा इतका क्लिष्ट विचार दोन चित्रांत बसवणाऱ्या अनाम कारकुनाला मी मनापासून दाद देतो.

नगरसेवकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचं कारणच सांगण्यासारखं आहे. शहरात ग्रामसभेच्या धर्तीवर ‘क्षेत्रसभा’ घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे. तुमच्या भागात ती शेवटची कधी झाली ते आठवून पाहा. आणि ज्याला जाब विचारायचा तो माणूसच जागेवर नसेल तर? मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे. नाल्यातल्या गाळाचा हिशेब विचारायला वॉर्डात निवडून आलेला एकही माणूस नव्हता. पुण्याची, नागपूरची, नाशिकची गत वेगळी नव्हती.

आता आमदार. इथं गंमत सुरू होते.

आमदाराला त्याचे मतदार मुदतीच्या आत काढू शकत नाहीत. कुठल्याच मार्गानं नाही. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ च्या आंदोलनात परत बोलावण्याच्या हक्काची मागणी लावून धरली होती, त्याच वर्षी लोकसभेत तसं खासगी विधेयकही आलं होतं. पुढं काही झालं नाही. परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं, पण त्यासाठी माणसानं फारच मनावर घ्यावं लागेल.

मग आमदाराची खुर्ची काढतो कोण? एक, न्यायालय. दोन किंवा जास्त वर्षांची शिक्षा झाली की आमदारकी तात्काळ जाते, अपील करून ती टिकवण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये बंद केली. आणि दुसरा, त्याचा पक्ष.

हरियाणात १९६७ मध्ये गयालाल नावाच्या आमदारानं पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि देशाला ‘आयाराम गयाराम’ हा शब्द मिळाला. त्याला आळा घालायला १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. त्याचं सार असं: पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदारानं पक्ष सोडला किंवा पक्षादेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मतदान केलं तर आमदारकी रद्द.

समजा, तुमच्या तालुक्यातली जमीन एखाद्या प्रकल्पाला द्यायची सोय करणारं विधेयक आलं. सगळा तालुका विरोधात आहे, आमदारालाही ते पटत नाही. पण पक्षाचा व्हिप ‘बाजूनं मतदान करा’ असा. त्यानं मतदारांचं ऐकलं तर आमदारकी धोक्यात, पक्षाचं ऐकलं तर मतदार फार तर पुढच्या निवडणुकीत बघून घेणार. तोवर तीन वर्षं आहेत, तीन दिवाळ्यांचं फराळवाटप आहे, आणि तिकीटही पक्षच देणार आहे. त्याच्या जागी तुम्ही काय कराल? माणूस वाईट असायची गरजच नाही, उत्तर ठरल्यासारखंच आहे.

बरं, पक्षांतर तरी थांबलं का? परिशिष्टात आधी एक तृतीयांश फुटले तर ‘फूट’ म्हणून माफ होतं, २००३ मध्ये ते काढलं. ‘विलीनीकरण’ राहिलं: विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला राजी असतील तर कुणीच अपात्र नाही. गोव्यात काय झालं ते पाहा. २०१९ मध्ये काँग्रेसचे पंधरापैकी दहा आमदार भाजपत गेले. त्याचा धसका घेऊन २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसापुढं (म्हणजे क्रॉसपुढं) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. तीन धर्म, तीन साक्षीदार. अकरा जण निवडून आले. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक तेहतीस, म्हणजे आठ. १४ सप्टेंबर २०२२ ला बरोबर आठ गेले. शपथेपेक्षा भागाकार पक्का निघाला.

म्हणजे एकटा आमदार मतदारांसाठी पक्षाविरुद्ध उभा राहिला तर गुन्हेगार, आणि आठ जण मिळून मतदारांना न विचारता घर बदलून आले तर निर्दोष. कायदा करणाऱ्यांना हे असं व्हावं असं वाटत नव्हतं, पण झालंय असं.

आणि निकाल देतो कोण? सभागृहाचा अध्यक्ष, जो बहुमतानं निवडलेला असतो. किती दिवसांत द्यायचा, हे परिशिष्टात लिहिलेलंच नाही. जून २०२२ मध्ये शिवसेनेत उभी फूट पडली. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा. निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला, आणि दोन्ही बाजूंचं कुणीच अपात्र ठरलं नाही. नोव्हेंबरात तर नवी निवडणूकच झाली. कोण बरोबर होतं, यावर चहाच्या टपरीवर भांडायला मोकळीक आहे. मला दिसतं ते एवढंच, की या दीड वर्षात मतदाराला कुठल्याही टप्प्यावर, कुणीही, काहीही विचारलं नाही.

मग मतदानाच्या दिवशी ‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हे बटण, दाबावं का? २०१३ पासून ते आहे. विधानसभा-लोकसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडून येतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांहून जास्त मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता. फरक काहीच पडला नाही. स्थानिक निवडणुकांसाठी मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये नोटाला एक काल्पनिक उमेदवार मानायचं ठरवलं. तो ‘जिंकला’ तर फेरनिवडणूक, त्यातही जिंकला तर मात्र सर्वाधिक मतांचा खराखुरा उमेदवार विजयी. पुन्हा तेच, खालच्या पायरीवर दात थोडे जास्त.

खुर्ची हातात नाही, तर मग काय आहे?

कागद. हे उत्तर निराशाजनक वाटेल, पण राजस्थानातल्या लोकांना विचारा. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाई घेतली. केलं काय, तर सरकारी कामाची मस्टरं आणि बिलं भर सभेत मोठ्यांदा वाचली. ज्यांची नावं होती ती माणसं समोर बसलेली. ‘मी तर या कामावर गेलोच नाही’ असं एकेक जण उठून सांगू लागला. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथल्याच चळवळीची. आपल्याकडं अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर राज्याचा माहिती अधिकार कायदा लागू झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा.

आमदार निधी घ्या. महाराष्ट्रात आमदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात, पाच वर्षांत २५ कोटी. ‘सुचवता’ हा शब्द महत्त्वाचा. मंजुरी जिल्हा प्रशासन देतं, पैसे तुमच्या-माझ्या कराचे. तरी फलकावर ‘माननीयांच्या प्रयत्नांतून’ असतं आणि आपणही म्हणतो, साहेबांनी रस्ता दिला. दिला म्हटलं की आभार मानायचे असतात, हिशेब मागायचा नसतो.

रस्ता सहा महिन्यांत उखडला तर अर्ज साहेबांच्या नावानं करू नका, काम करणाऱ्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘रस्ता खराब का झाला?’ असं विचारायचं नाही, कारण ‘का’ ही माहिती नसते आणि अर्ज परत येतो. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक यांच्या प्रती मागा. शिवाय दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते विचारा. या कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या पैशांनी दुरुस्त करायचा असतो. तारीख हातात आली की आमदाराला ‘रस्ता नीट करा’ अशी विनवणी करावी लागत नाही. ‘ठेकेदाराला नोटीस का नाही काढायला लावली?’ असं विचारता येतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अपीलापर्यंत जायची चिकाटी मात्र ठेवा, पुष्कळदा कागद तिथंच सुटतात.

ग्रामपंचायतीचे पैसे बघायला तर अर्जही लागत नाही. ई-ग्रामस्वराजच्या पोर्टलवर गावाचं नाव टाकलं की आराखड्यात कुठलं काम घेतलं आणि किती खर्च दाखवला, ते मोबाईलवर दिसतं. आमच्या गावात ते मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एका सदस्यानं ‘हे कुणी टाकलं?’ म्हणून माझ्यावरच डोळे वटारले.

आमदाराचं सभागृहातलं कामही बघता येतं. तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, याद्या आणि कामकाजाची इतिवृत्तं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत असतात. व्हिप मतदानाला असतो. प्रश्न विचारायला, लक्षवेधी सूचना मांडून मंत्र्याचं लक्ष एखाद्या विषयाकडं वेधायला पक्षाची आडकाठी सहसा नसते. तेव्हा ‘आमच्या तालुक्याबद्दल गेल्या अधिवेशनात काय विचारलंत?’ या प्रश्नाला ‘पक्षानं अडवलं’ हे उत्तर चालत नाही. तसंच प्रतिज्ञापत्र. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळं प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावं लागतं. एकाच माणसाची दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून वाचा. मालमत्ता वाढली म्हणजे लगेच खाल्ले असं नव्हे, जमिनीचे भाव सगळ्यांचेच वाढलेत. पण कुठं वाढली, ते पाहण्यासारखं असतं.

आपलीही एक चूक इथंच सांगून टाकतो. आपण आमदाराला लग्नातल्या, दहाव्यातल्या हजेरीवर मार्क देतो. गटार तुंबलं तर आमदार, रोहित्र जळालं तर आमदार, पोराची बदली तर आमदार. मग तोही हुशारीनं तेवढंच करतो. दिवसाला अकरा लग्नं करणाऱ्या माणसाला अर्थसंकल्पाची पुस्तकं वाचायला वेळ कुठून मिळणार? गटार ग्रामपंचायतीचं, रोहित्र महावितरणचं. चुकीच्या माणसाला विचारलं की बरोबर माणूस सुटतो.

गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावानं हे फार आधी ओळखलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांनी सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो ग्रामसभेच्या जोरावर. तिथं एकमत होईपर्यंत बसायची रीत आहे. आमच्याकडं जिलेबी संपेपर्यंत बसायची आहे.

तर, त्या एकशे सहा सह्या. ग्रामसभेचा पहिला विषय नेहमी एकच असतो: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. तो कुणी ऐकत नाही. पुढच्या सभेत मी म्हटलं, इतिवृत्ताबरोबर हजर असलेल्यांची नावंही वाचा. ग्रामसेवक म्हणाले, कशाला, वेळ जाईल. मागून दोघं-तिघं बोलले, जाऊ द्या वेळ. वाचन सुरू झालं. बावन्नाव्या की त्रेपन्नाव्या नावाला माझा चुलतभाऊ लेकीला कडेवर घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, मी नव्हतो. ही त्याच दिवशी झालीय, हिचा दाखला बघा.” लोक हसले. मग आणखी एक जण उठला, मग पारूमावशी. ग्रामसेवकांनी एकेका नावाभोवती लाल पेनानं गोल केला आणि सरपंच म्हणाले, पुढचा विषय घ्या.

पुढचा विषय स्मशानभूमीच्या शेडचा होता. त्यावर पाऊण तास बोलणं झालं.